रेमीच्या विहिरीचे पाणी

मी इनॅमलचा एक जुना हंडा आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी अजून गळत नाही. बाहेरून निळा, आतून पांढरा, दोन बाजूंना दोन कान, आणि अंगाने एवढा प्रशस्त की ओडिलॉन तान्हा असताना त्याची आई त्याला माझ्यात बसवून आंघोळ घालत असे. आज ओडिलॉनचे पोट पाहिले तर कोणाचा यावर विश्वास बसणार नाही. माझ्या झाकणाला मधोमध एक भोक आहे. परगावचे लोक ते पाहून हसतात. हसू द्या. हिवाळ्यासाठी फळे आणि शेंगा काचेच्या बरण्यांत भरून उकळताना झाकण न उघडता पाणी किती तापले ते कळावे लागते, म्हणून तापमापकासाठी ते भोक ठेवलेले असते. बीटच्या शेतांमधल्या आमच्या गावात असे हंडे घरोघर आहेत, पण माझ्याएवढा एकही नाही.

मित्रांनो, माझा जन्म भट्टीत झाला. माझे हाडमांस लोखंडी पत्र्याचे. त्यावर काचेच्या पुडीचा लेप देऊन मला लालभडक भट्टीत ढकलले आणि बाहेर आलो तेव्हा मला ही गुळगुळीत कातडी मिळाली होती. कातडी शाबूत आहे तोवर आतले लोखंड दिसत नाही आणि अन्नाला लागतही नाही. एवढे लक्षात ठेवलेत की माझी गोष्ट समजायला काही अडचण येणार नाही.

ओडिलॉनच्या आईचे नाव फिलोमेना. तिने मला जवळच्या टीनेन शहराच्या बाजारातून आणले आणि सायकलच्या मागे बांधून घरी नेले. मग कित्येक उन्हाळे माझ्या पोटात चेरी, आलुबुखार, नासपती आणि हिरव्या शेंगांच्या बरण्या रांगेने बसल्या. जत्रेच्या दिवशी गावाच्या बँडसाठी सूप व्हायचे तेही माझ्यातच. "फिलोमेनाचा हंडा" म्हणून मला सगळे ओळखत, आणि फिलोमेना मला कोणालाही उसना देत नसे. पाद्रीबाबांनी एकदा मागितला, तर त्यांनाही तिने शेजारणीकडे पाठवले.

ओडिलॉनचे लग्न झाले आणि इर्मा घरात आली. सासूने तिला घराच्या किल्ल्या लगेच दिल्या. मला मात्र स्वतःचे गुडघे पार गेल्यावरच तिच्या हाती दिले.

"घे," ती म्हणाली. "पण सांगून ठेवते, तुझ्या हातांना लोणी लावलेलं असतं. एक ना एक दिवस तू याची वाट लावणार."

इर्मा हसली. सुनांना असे हसावे लागते. पुढे फिलोमेना गेली, पण ते वाक्य घरातून गेले नाही. कपबशी फुटली की ओडिलॉन गमतीने म्हणायचा, "आई काय म्हणायची?" गंमतच ती, पण इर्मा दर वेळी आधी माझ्याकडे बघायची.

तिने मला फार जपले, हे मी शपथेवर सांगेन. राखेने कधी घासले नाही, गरम असताना माझ्यावर कधी गार पाणी ओतले नाही. आणि तरीही एका शरद ऋतूत, नासपतीच्या दिवसांत, फळीवरचे मांस दळायचे लोखंडी यंत्र तिच्या कोपराच्या धक्क्याने निसटले आणि थेट माझ्या तळात आदळले. आवाज असा झाला की कोंबड्या ओरडू लागल्या. इर्माने वाकून पाहिले. माझ्या पांढऱ्या तळाचा अंगठ्याच्या नखाएवढा टवका उडाला होता आणि आतले काळे लोखंड दिसत होते.

ती स्टुलावर बसून राहिली. ओडिलॉन कामावर होता. दुसऱ्या दिवशी ती टीनेनला गेली आणि आंघोळीच्या टबांचे टवके बुजवतात त्या पांढऱ्या रंगाची चिमुकली बाटली घेऊन आली. नख रंगवावे तसा तिने तो रंग माझ्या जखमेवर लावला, वाळू दिला, पुन्हा लावला. मग मला खिडकीपाशी नेऊन तिरपे धरून बघितले. काही कळत नव्हते. तिने बाटली राखेच्या डब्यात खोल पुरली.

मित्रांनो, मला त्या वेळी काय वाटले ठाऊक आहे? मला बरे वाटले! मी पुन्हा नव्यासारखा दिसतो आहे, एवढ्यावरच मी खूश होतो. आज त्या खुशीची मला फार लाज वाटते. अर्थात बरण्यांना त्याने काही फरक पडला नाही, कारण बरण्यांची तोंडे घट्ट बंद असतात आणि माझ्यात असते ते नुसते पाणी. लपवलेली गोष्ट निभावून जाते आहे असे आम्हा दोघांनाही वाटू लागले.

अशात ओडिलॉन साखर कारखान्यातून निवृत्त झाला. निवृत्त माणूस घरात म्हणजे काय, हे तुमच्या आईला विचारा. महिनाभर त्याने इर्माला कांदा कसा चिरावा ते शिकवले. मग त्याच्या डोक्यात बियरने घर केले. आमच्या देशात बियर जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या शेजारी बसते, म्हणून माझ्या गोष्टीत तिला टाळता येत नाही. तुमच्यातल्या लहानांनी ती नुसती ऐकावी.

आमच्या भागाची बियर म्हणजे पांढरी बियर. निम्मे मोड आणून वाळवलेले जव, निम्मे कच्चे गहू, आणि शेवटी धणे व कडू संत्र्याची वाळलेली साल. ती गढूळ असते, ढगाळ सकाळसारखी, आणि तिच्यावर पांढराशुभ्र फेस बसतो. पूर्वी गावोगाव ती बनत असे. आमच्या गावातली भट्टी चर्चच्या मागे होती, तिथे आता गाड्यांचे टायर विकतात. ओडिलॉन बँडमध्ये सगळ्यात मोठा भोंगा वाजवतो. तालमीनंतर चार ग्लास पोटात गेल्यावर तो उठून म्हणाला, "या जत्रेला तुम्हाला मी गावाची बियर पाजतो. गहू गावचा, पाणी गावचं, हात माझे!" टाळ्या पडल्या. आता माघार घ्यायची सोय उरली नाही.

गावचे पाणी म्हणजे रेमीच्या विहिरीचे. रेमी आमचा शेजारी. बायको वारलेली, शेती आता थोडीच, आणि बँडमध्ये मोठा ढोल त्याच्याकडे. ओडिलॉन आणि तो शाळेपासूनचे दोस्त. त्याच्या अंगणात विटांनी बांधलेली विहीर आणि तिच्यावर हातपंप. जुनी भट्टी होती तेव्हा बियरसाठी पाणी त्याच विहिरीतून गाड्याने जात असे. नळाच्या पाण्याने किटलीत चुना साचतो, रेमीच्या पाण्याने साचत नाही. म्हणून शनिवारी सकाळी अर्धे गाव हातात कॅन घेऊन त्याच्या अंगणात यायचे. कॉफीसाठी त्यांना दुसरे पाणी चालत नसे. पंप मारता मारता गप्पा व्हायच्या, आणि रेमीचा आठवडा त्या गप्पांवर निघायचा.

रेमीची मुलगी ग्रीट जवळच वेगळ्या घरात राहते. तिची दोन पोरे अंगणात धावत असतात.

"बाबा, ती विहीर एकदाची बुजवून टाका," ती सारखी म्हणे. "माझा जीव टांगणीला लागतो."

"विहिरीला झाकण आहे आणि पोरांना आजोबा आहे," रेमी म्हणे. "लोक पाणी न्यायला येतात तोवर माझी विहीर बुजणार नाही. कोणी येईनासं झालं की बघू."

असे ते चालले होते. आता बियरच्या दिवसाकडे येतो.

ओडिलॉनने मला धुण्याच्या खोलीत आणून गॅसवर ठेवले. इर्मा दारात उभी होती.

"दुसरं एखादं भांडं घे ना," ती म्हणाली. "स्टीलचं मिळतं हल्ली. याला वास बसेल, मग माझी फळं धण्याच्या वासाची होतील."

"आईच्याच हंड्यात होणार! तापमापकाला भोक आहे, मोठा आहे. देवाने बियरसाठीच बनवलाय याला."

"अरे, पण जुना झालाय तो."

"मीही झालोय. मला कुठे फेकलंस?"

इर्माचे तोंड उघडले होते. मी पाहिले. एवढे एकच वाक्य तिला बोलायचे होते, की याच्या तळाला टवका उडालाय आणि तो माझ्या हातून उडालाय. ती म्हणाली, "दूध उतू जाईल," आणि गेली. दूध गॅसवर नव्हतेच.

भरडलेले जव आणि गहू रेमीच्या विहिरीच्या गरम पाण्यात पडले. कच्च्या गव्हाची मोठी खोड असते, ते खळीसारखे दाट होतात आणि तळाला चिकटतात. म्हणून सतत ढवळावे लागते. ओडिलॉन तापमापकाकडे बघत हुकूम सोडत होता आणि ढवळत होता रेमी, लांब लाकडी वल्ह्याने, घामाघूम होऊन.

"खालून, खालून घे! लागेल ते."

"तू ये ना मग. उंटावरून शेळ्या हाकतोयस."

"माझी पाठ."

"तुझी पाठ जत्रेत बरी असते. नाचताना दिसते आम्हाला."

प्रत्येक फेऱ्याला वल्हे माझ्या तळावरून सरकत होते. इर्माने लावलेला रंग त्या उष्णतेने मऊ झाला, त्याला पोपडा धरला, आणि एका फेऱ्यात तो निघून त्या लापशीत नाहीसा झाला. माझे लोखंड उघडे पडले, पण तळाला चिकटलेल्या खळीत ते कोणाला दिसले नाही. मग रस गाळला, चोथा रेमीच्या कोंबड्यांना गेला, रस पुन्हा माझ्यात ओतून हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुले टाकून उकळला. तो रस गोड असतो आणि थोडा आंबूस, आणि लोखंडाला तो सोडत नाही. तासाहून जास्त वेळ तो माझ्या जखमेवर खदखदत होता आणि माझे लोखंड शोषून घेत होता. मला ओरडता येत नाही. शेवटी कुटलेले धणे आणि संत्र्याची साल पडली, असा घमघमाट सुटला की रस्त्यावरचे लोक थांबले. ओडिलॉनच्या डोळ्यांत पाणी आले. "लहानपणीचा वास," तो म्हणाला. रेमीने त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या दोघांकडे बघून मला वाटले, निदान आज तरी मी फुटून जायला हवा होतो.

रस गार झाला, दुकानातल्या बाटलीच्या तळाशी उरलेले यीस्ट वाढवून त्यात घातले, पिंपात फसफसले, बाटल्या भरल्या. जत्रेच्या रविवारी त्या बाटल्या थंड ठेवायला मलाच बँडच्या हॉलमध्ये नेले. मी गार पाण्याने आणि बाटल्यांनी भरलेला टेबलावर बसलो होतो, गणवेशातली सगळी मंडळी भोवती. इर्मा चीजचे तुकडे आणि मोहरीची चटणी मांडत होती.

बाटली उघडली. फेस उत्तम, रंग उत्तम. "वा!" झाले. मग सगळ्यांनी एकदम घोट घेतला आणि सगळ्यांची तोंडे वाकडी झाली.

ट्रम्पेटवाला ज्यूल तोंडाळ. तोच पहिला बोलला. "ओडिलॉन, मी लहानपणी थंडीत चर्चच्या लोखंडी कठड्याला जीभ लावली होती. तशीच चव आहे रे!"

"किल्ल्यांचा जुडगा चोखल्यासारखं वाटतंय," दुसरा म्हणाला.

"कारखान्यातून निघताना नट-बोल्ट खिशात आणलेस काय?"

हशा झाला. ओडिलॉनने स्वतः घोट घेतला. त्याचा चेहरा बीटासारखा झाला. एवढी वाजवून मारलेली फुशारकी, एवढे लोक, आणि खरोखरच ती बियर रक्तासारखी लागत होती.

"पाणी!" तो ओरडला. "मी सगळं मोजूनमापून केलंय. हे पाण्याचं आहे. रेमीच्या विहिरीत लोखंड उतरलंय. पाइप गंजले असतील, नाहीतर विहीरच सडली असेल."

"नाचता येईना अंगण वाकडं," ज्यूल म्हणाला, पण हसत हसत त्यानेही ग्लासातले उरलेले खिडकीबाहेर ओतले.

रेमी ढोलाचा पट्टा गळ्यात घालत होता. "माझ्या विहिरीचं पाणी तू जन्मभर पितोयस, ओडिलॉन."

"म्हणूनच म्हणतो. आता बिघडलंय ते. तुझ्या लक्षात आलं नसेल, तू एकटा असतोस."

ते शेवटचे त्याने बोलायला नको होते. रेमीने ग्लास टेबलावर, माझ्या शेजारी ठेवला. त्या दिवशीची मिरवणूक त्याने वाजवली, एक ठोका चुकला नाही. नंतर मात्र ढोल हॉलच्या कोपऱ्यात ठेवून तो गेला आणि तालमीला यायचा बंद झाला.

इर्मा मोहरीची वाटी हातात घेऊन उभी होती. तिला सगळे ठाऊक होते. बियर चाखताक्षणीच तिला कळले होते. घरी येऊन तिने माझ्यातले पाणी ओतले, टवक्यावरून बोट फिरवले आणि धुण्याच्या खोलीचे दार लावून रडली. पण बोलली नाही. मूग गिळून बसली.

पुढच्या शनिवारी रेमीच्या अंगणात कॅन कमी आले. त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी कमी. कोणी त्याला काही म्हणाले नाही. आमच्याकडे लोक तोंडावर बोलत नाहीत, नुसते दुसरीकडून जातात. ज्यूलच्या बायकोने बाटलीबंद पाणी आणायला सुरुवात केली. रेमी पंपापाशी बाकावर बसायचा, सवयीने, आणि रस्त्याकडे बघायचा.

ओडिलॉन वाईट माणूस नाही. आडमुठा आहे. त्याने पुन्हा करून दाखवायचे ठरवले. या खेपेला नळाचे पाणी घेतले, गाळून, उकळून. आणि ढवळायला आता रेमी नव्हता, म्हणून खाली तोटी असलेले, जाड बुडाचे, सहसा तळाला न लागणारे स्टीलचे नवे भांडे आणले. मी अंगणात गेलो. इर्माने स्वतःच मला कुंपणालगत पन्हाळीखाली ठेवले, सॅलडच्या वाफ्यासाठी पावसाचे पाणी साठवायला. पाण्याने तळ झाकला जातो, हे तिला पुरेसे होते.

ती दुसरी बियर अप्रतिम झाली. मला खोटे बोलायचे नाही. अंगणात मंडळी जमली, फेस मिशांना लागला, आणि ज्यूलने टोपी काढली. "हीच ती. माझा बाप हिच्यासाठी आईचा मार खायचा."

"बघितलंत?" ओडिलॉन ग्लास उंच धरून म्हणाला. "गहू तेच, धणे तेच, हात तेच. फक्त पाणी बदललं!"

भांडेही बदलले होते. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या, आणि एवढ्या लोकांत एकाच्याही ते ध्यानात आले नाही. मी दहा पावलांवर बसलो होतो. बाकी कोणी नाही तरी इर्मा माझ्याकडे बघत होती. लोक तिला म्हणाले, "इर्मा, तुझंही कौतुक, याला सहन करतेस," तेव्हा ती भरलेला ग्लास तसाच ठेवून आत गेली. कुंपणापलीकडे रेमी आपल्या बाकावर होता. हे सगळे त्याला ऐकू जात होते. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ना, ती मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिली, आणि चोर मीच होतो.

मग पावसाने ओढ दिली. माझ्यातले पाणी आटत गेले आणि तळ उघडा पडला. टवक्याभोवती तांबडा गंज फुलला होता, पांढऱ्यावर लांबूनही दिसावा असा. एका सकाळी रेमी कुंपणापाशी शेंगांचे वेल बांधत होता. त्याची नजर माझ्यात गेली. तो बांधायचा थांबला. बराच वेळ बघत राहिला. मग त्याने मान वर केली, तर समोर इर्मा ओले कपडे घेऊन उभी.

दोघे एकमेकांकडे बघत राहिले. इर्माच्या हातातली चादर मातीत लोळली.

"ऊन छान आहे आज," रेमी म्हणाला.

"हो," इर्मा म्हणाली.

आणि तो घरात गेला. मित्रांनो, याहून मोठी शिक्षा मला ठाऊक नाही. तो ओरडला असता तर इर्मा आणि मी दोघेही सुटलो असतो.

काही दिवसांनी ग्रीट कुंपणापाशी आली. चेहरा मोकळा झालेला. "इर्मामावशी, अखेर बाबा तयार झाले. बुधवारी दुपारी ट्रक येतोय दगडमाती घेऊन. तसंही आता कोणी पाण्याला येत नाही. म्हणाले, माझी हरकत नाही."

मंगळवारी रात्रीच्या जेवणाला चिकरीच्या कोंबांची भाजी आणि हॅम होते. अंगणाकडची खिडकी उघडी होती, मला सगळे ऐकू आले.

"ओडिलॉन," इर्मा म्हणाली. "तो हंडा..."

"विकायचा म्हणतेस? नको. आईचा आहे, राहू दे अंगणात." त्याने काटा खाली ठेवला असावा. "एक सांगू? आई जन्मभर म्हणत राहिली तू तो फोडशील म्हणून. एवढी वर्षं झाली, ओरखडा नाही. परवा बँडमध्येही मी सांगितलं. म्हटलं, माझ्या आईचं एकच म्हणणं खोटं ठरलं, ते माझ्या बायकोने ठरवलं."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग इर्मा म्हणाली, "आणखी बटाटे देऊ?"

सकाळी उठून तिने ठरवले. तिच्या पावलांवरून मला ते कळले. दुपारच्या आत रेमीकडे जायचे, आधी त्याला सांगायचे, मग नवऱ्याला. ती बटाटे सोलून घेत होती, तेवढे झाले की निघणार होती. ट्रकवाल्याला दुपारी दुसरीकडे काम लागले होते, म्हणून तो सकाळीच आला. इंजिन घरघरले, मागचा हौदा वर उचलला गेला, आणि दगड पाण्यात पडल्याचा आवाज आला. खोल, एकामागून एक.

इर्मा सोलण्याचा चाकू हातात घेऊनच धावली. तिने मला कानांना धरून उचलले, तळाशी साचलेला पालापाचोळा तिच्या बुटांवर सांडला, आणि ती रस्त्याने वळसा घालून रेमीच्या अंगणात शिरली.

"थांबव त्याला! रेमी, थांबव!"

"मागं व्हा बाई," ट्रकवाला ओरडला. हौदा रिकामा झाला होता. विटांच्या काठाच्या वर दगड दिसत होते आणि धूळ उडत होती. पंप उपटून भिंतीला टेकवलेला होता.

इर्माने मला जमिनीवर आडवे ठेवले, आतला तळ रेमीला दिसेल असे. "विहीर चांगली होती. हे बघ. माझ्या हातून झालं हे. मी रंग लावून झाकलं. बियर याने नासली, तुझ्या पाण्याने नाही. मी आज येणार होते रेमी, देवाशपथ, आत्ता निघतच होते."

रेमीने माझ्याकडे पाहिलेही नाही. "मला माहीत आहे," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"मी बोललो असतो तर ओडिलॉन म्हणाला असता, स्वतःची विहीर वाचवायला माझ्या बायकोवर ढकलतोस. ते तुझं तुलाच सांगायचं होतं." त्याने हातांवरची धूळ झटकली. "मी वाट बघितली, इर्मा. काल दिवे लागेपर्यंत पंपापाशी बसून होतो. म्हटलं, येईल."

इर्मा तिथेच मातीत बसली. कुंपणापलीकडे ओडिलॉन उभा होता, ओरडा ऐकून आलेला. तो आला, वाकला, आणि माझ्या टवक्यात अंगठा घालून पाहिला. त्याच्या अंगठ्याला तांबडे लागले. तो रेमीकडे वळला. त्याचा तो भोंग्यासारखा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"मी तुला सगळ्यांसमोर..."

"हो," रेमी म्हणाला. "तर सगळ्यांसमोरच बोल."

तो बोलला. त्याच आठवड्यात बँडच्या हॉलमध्ये मला टेबलावर ठेवून ओडिलॉन बोलला, आणि तो अडखळला तेव्हा इर्मा पुढे आली आणि यंत्र कसे पडले, रंग कुठून आणला, सगळे तिने स्वतः सांगितले. कोणी हसले नाही. ज्यूल आपल्या बुटांकडे बघत होता. रेमी पुन्हा ढोल वाजवायला येऊ लागला. ओडिलॉनची बियरही तो पितो, चांगली झाली आहे म्हणतो, आणि ते तो मनापासून म्हणतो. ओडिलॉन मात्र आता तिला गावाची बियर म्हणत नाही. इर्माला मला फेकून द्यायचे होते. ओडिलॉनने फेकू दिले नाही. मी पुन्हा धुण्याच्या खोलीत फळीवर आहे, बरण्या उकळतो, टवका तसाच उघडा. त्याला आता कोणी रंग लावत नाही. शनिवारी सकाळी शेजारच्या अंगणातून काही आवाज येत नाही, आणि त्या शांततेची मला अजून सवय झालेली नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे कोणी असेल. त्याला जपा, पण आमच्यासारख्यांना टवके उडायचेच. त्याचे आम्हाला काही वाटत नाही, आणि तुमच्यावर रागही नसतो. घरच्यांना तेवढे सांगा. चार शब्द ऐकून घ्यावे लागतील, ते घ्या. सासूचे असोत की आईचे, त्यांनी कोणी मरत नाही. आणि सांगायचे ठरवले असेल तर बटाटे सोलून होईपर्यंत थांबू नका. दुपारी येणार म्हटलेला ट्रक सकाळीच येतो.